चढत्या फंडाच्या मागे : निवृत्तीच्या पैशाचा एक नियम तपासताना

भिवंडीतला विद्यार्थी ‘संवेग’ हा शब्द पुस्तकात वाचण्याआधी कानाने ओळखत असतो. यंत्रमागाचा धोटा एका टोकाला ठोका खाऊन सुटतो, ताण्याच्या दोन थरांमधून पलीकडे जातो आणि पेटीत अडवला जातो. धोट्याचे वस्तुमान व वेग माहीत असतील तर तो किती जोराने पोहोचेल हे सांगता येते. तो अर्ध्या वाटेत अडकला तर माग थांबवणारी यंत्रणाही असते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. ही राशी मोजता येते आणि तिला अक्षय्यतेचा नियम लागू आहे.

हाच शब्द आता बचतीच्या व्यवहारात आला आहे. ‘मोमेंटम’ नावाचा एक नियम शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोहोचला आहे. नियम सोपा आहे. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाहायचे : समभागांचा फंड काही महिन्यांपूर्वी जिथे होता त्याच्या वर आहे का? वर असेल तर निवृत्तीचा पैसा समभागांत ठेवायचा. खाली असेल तर तो सरकारी रोख्यांत हलवायचा. पुढच्या महिन्याअखेर पुन्हा पाहायचे. याला महिन्यातून दहा मिनिटे लागतात आणि बुद्धी शिणवावी लागत नाही. वर असेही सांगितले जाते की पडझड चुकते आणि तेजी मिळते.

या नियमाची तपासणी करण्याचे कारण उघड आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्र शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन मिळाले नाही, त्यांना अंशदायी योजना मिळाली. पुढे ही मंडळी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये गेली. भिवंडीच्या जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांमधले बरेच शिक्षक त्यांत आहेत. जुन्या योजनेत बाजार पडला काय, चढला काय, निवृत्तिवेतन ठरलेले होते. अंशदायी योजनेत बाजाराची जोखीम शिक्षकाच्या खांद्यावर आली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला मान्यता दिली तरी विनाअनुदानित शाळांतले शिक्षक, आणि स्वतःहून खाते उघडलेले अनेकजण, अजून या जोखमीसह जगत आहेत. ज्याच्यावर जोखीम येते तो आधार शोधतो, आणि शोधणाऱ्याला सोपा नियम आवडतो. म्हणून हा नियम विज्ञानाच्या कसोटीवर घासून पाहणे हे आम्हाला शिक्षकांच्या मासिकाचे कामच वाटते.

नियमाच्या बाजूने काय आहे?

प्रथम बचावाचा पक्ष. हा नियम निव्वळ थाप नाही. १९९३ मध्ये नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन या दोन संशोधकांनी अमेरिकेतील समभागांचा १९६५ ते १९८९ या काळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मागील सहा महिन्यांत सर्वांत चढलेले समभाग घ्यायचे, सर्वांत पडलेले विकायचे आणि सहा महिने थांबायचे, असे केल्यास दोन गटांच्या उत्पन्नात महिन्याला जवळजवळ एक टक्क्याचा फरक दिसला. नंतर इतर देशांतही असाच परिणाम आढळला. २०१२ मध्ये मॉस्कोविट्झ, ऊई आणि पेडरसन यांनी निर्देशांक, रोखे, चलने आणि जिनसा अशा ५८ प्रकारच्या वायद्यांत मागील बारा महिन्यांची दिशा पुढे काही काळ टिकते असे दाखवले. आपल्याकडे राष्ट्रीय शेअर बाजाराने २०२० मध्ये याच कल्पनेवर तीस समभागांचा एक निर्देशांक सुरू केला.

म्हणजे बाजारात दिशा टिकण्याची काही प्रवृत्ती आहे, हे मान्य करू. तसे का होत असावे याची कारणेही सुचवली गेली आहेत. बातमी सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचत नाही, माणसे आपले मत हळूहळू बदलतात, आणि इतर घेत आहेत म्हणून आपणही घेतो. सुताचा भाव चढू लागला की तो आणखी चढेल या धास्तीने जादा सूत भरून ठेवणारा कारखानदार भिवंडीला नवा नाही. त्याच्या खरेदीने भाव आणखी चढतो, आणि एक दिवस सगळ्यांची गोदामे भरलेली असतात.

पण येथेच धोटा आणि बाजार यांच्यातले साम्य संपते. बाजाराला वस्तुमान नाही आणि अक्षय्यतेचा नियमही नाही. ‘संवेग’ हे येथे एका सांख्यिकी प्रवृत्तीला दिलेले उसने नाव आहे. शिवाय वरील पुरावा शेकडो समभागांच्या किंवा ५८ बाजारांच्या सरासरीचा आहे. आपला शिक्षक मात्र एकच समभाग फंड आणि एकच रोखे फंड यांच्यामध्ये पैसा हलवणार आहे. हजार घरांच्या सरासरीवरून एका घरात किती माणसे राहतात हे सांगता येत नाही, हे गणिताच्या शिक्षकाला वेगळे समजावण्याची गरज नाही.

आकडे मांडून पाहू

आम्ही सेन्सेक्सचे महिनाअखेरचे आकडे घेऊन हा नियम हाताने चालवून पाहिला. ‘काही महिन्यांपूर्वी’ म्हणजे नक्की किती, हे नियम सांगणारे वेगवेगळे सांगतात. म्हणून तीन, सहा आणि बारा महिने असे तिन्ही प्रकार घेतले. प्रत्येक काळाच्या सुरुवातीला १०० रुपये समभागांत आहेत असे धरले. लाभांश आणि रोख्यांवरील व्याज हिशेबात घेतलेले नाही. त्याविषयी पुढे सांगू.

डिसेंबर २००७ ते डिसेंबर २००९ : काहीच न करणाऱ्याचे ८६ रुपये झाले. तीन महिन्यांच्या नियमाने १५७, सहाच्या नियमाने ११८, बाराच्या नियमाने ८०.

डिसेंबर २०१७ ते डिसेंबर २०१९ : काहीच न करणाऱ्याचे १२१. तीनच्या नियमाने ९३, सहाच्या १०४, बाराच्या ११७.

डिसेंबर २०१९ ते डिसेंबर २०२० : काहीच न करणाऱ्याचे ११६. तीनच्या नियमाने १२७, सहाच्या ८८, बाराच्या ७८.

हे आकडे शांतपणे पाहावेत. २००८ च्या मोठ्या पडझडीत सहा महिन्यांच्या नियमाने खरोखर रक्षण केले. मार्च २००८ अखेर सेन्सेक्स १५,६४४ असताना तो बाहेर पडला आणि एप्रिल २००९ अखेर ११,४०३ वर परत आत आला. नियमाच्या जाहिरातीत हेच उदाहरण असते, आणि ते खरे आहे.

आता २०२० पाहा. फेब्रुवारीअखेर सेन्सेक्स ३८,२९७ होता, ऑगस्ट २०१९ अखेरच्या ३७,३३३ पेक्षा वर. नियम म्हणाला, थांबा. मार्चमध्ये टाळेबंदीच्या तोंडावर बाजार कोसळला आणि महिनाअखेर २९,४६८ वर आला. पूर्ण पडझड सोसून झाल्यावर नियम म्हणाला, बाहेर पडा. त्यानंतर बाजार चढत गेला, पण सहा महिन्यांपूर्वीच्या पातळीच्या वर यायला त्याला ऑगस्टअखेर उजाडले. तेव्हा आकडा होता ३८,६२८. म्हणजे २९,४६८ ला विकलेले ३८,६२८ ला परत घेतले, जवळजवळ ३१ टक्के महाग.

बारा महिन्यांच्या नियमाची गंमत २००९ मध्ये दिसते. १८ मे २००९ रोजी, निवडणुकीच्या निकालानंतर, सेन्सेक्स एका दिवसात १७ टक्क्यांहून अधिक चढला. त्या दिवशी हा नियम पाळणारा बाहेरच होता. तो आत आला जूनअखेर, १४,४९४ वर.

‘मग तीन महिन्यांचाच नियम घ्या, दोन्ही पडझडींत तोच पहिला आला,’ असे कोणी म्हणेल. त्याने मधली ओळ पाहावी. २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत हा नियम चार वेळा बाहेर पडला आणि चार वेळा आत आला. ३२,९६९ ला विकले, ३५,३२२ ला घेतले. ३४,४४२ ला विकले, ३६,२५७ ला घेतले. ३५,८६७ ला विकले, ३८,६७३ ला घेतले. ३७,४८१ ला विकले, ४०,१२९ ला घेतले. चारही वेळा स्वस्त विकून महाग घेतले.

आणखी एक गोष्ट. पहिल्या व तिसऱ्या काळात क्रम लागतो तीन, सहा, बारा असा. मधल्या काळात तो बरोबर उलटा आहे, बारा, सहा, तीन. मागच्या वेळी जिंकलेला आकडा पुढच्या वेळी निवडला असता तर शिक्षकाने २००९ नंतर तीनचा नियम घेतला असता आणि २०१८-१९ मध्ये आपटला असता. त्यानंतर वैतागून बाराचा घेतला असता आणि २०२० मध्ये पुन्हा आपटला असता. काही न करणारा शेजारी दोन्ही वेळा पुढे राहिला असता.

निर्णय किती बारीक धाग्यावर लटकतो हेही पाहण्यासारखे आहे. सप्टेंबर २०१९ अखेर सहा महिन्यांच्या नियमाने बाहेर पडायला सांगितले. कारण सेन्सेक्स मार्चअखेरच्या ३८,६७३ वरून ३८,६६७ वर आला होता. फरक सहा अंशांचा! पुढच्याच महिन्यात तो ४०,१२९ वर होता. सहा अंशांच्या फरकाला अर्थ आहे असे प्रयोगशाळेत कोणी म्हटले तर आपण त्याला मापनातील त्रुटीचा धडा पुन्हा वाचायला सांगू.

आता व्याजाचा मुद्दा. बाहेर असताना पैसा रोख्यांत व्याज मिळवतो, ते वरील आकड्यांत नाही. तीनचा नियम २०१८-१९ मध्ये एकूण नऊ महिने बाहेर होता. सात टक्के दराने धरले तर ९३ चे सुमारे ९८ होतात. शेजाऱ्याच्या १२१ मध्ये लाभांशही मिळवायचा राहिला आहे. निष्कर्ष बदलत नाही.

मात्र आमचे हे तीन काळ म्हणजे पूर्ण परीक्षा नव्हे. त्यांतले दोन मोठ्या पडझडीचे आहेत, आणि तेथे असा नियम अधिक उजळ दिसणे स्वाभाविक आहे. या तीन ओळींवरून कोणता नियम चांगला हे ठरत नाही. एवढे मात्र ठरते की एकाच कल्पनेचे तीन प्रकार एकाच वर्षी १२७, ८८ आणि ७८ अशी उत्तरे देत असतील तर त्या कल्पनेला ‘पद्धत’ म्हणताना थोडे थांबावे.

सव्वासहा डझन नाही, पण अडुसष्ट नियम

हा वाद नवा नाही. १९६७ मध्ये रॉबर्ट लेव्ही या संशोधकाने समभागांच्या ‘सापेक्ष बळा’वर आधारलेले असेच नियम मांडले आणि ते फायदेशीर असल्याचे म्हटले. मायकेल जेन्सन याने लक्षात आणून दिले की लेव्हीने एकाच सामग्रीवर ६८ प्रकारचे नियम चालवून पाहिले होते. एवढ्या नियमांत एखाद-दुसरा योगायोगानेच चमकणार. १९७० मध्ये जेन्सन व बेनिंग्टन यांनी त्यांतले दोन उत्तम नियम घेऊन १९३१ ते १९६५ या काळातील, प्रत्येकी २०० समभागांच्या २९ वेगळ्या नमुन्यांवर पुन्हा तपासले. व्यवहाराचा खर्च वजा केल्यावर ते नियम ‘घ्या आणि ठेवा’ यापेक्षा सरस ठरले नाहीत.

यातले तत्त्व वर्गात पाच मिनिटांत दाखवता येते. ६४ मुलांना उभे करा. प्रत्येकाने छापा की काटा हे मनात ठरवावे. नाणे उडवा. चुकलेल्यांनी बसावे. पाच वेळा असे केल्यावर सरासरीने दोन मुले उभी राहतील. त्यांनी सलग पाच वेळा बरोबर ओळखले. आता सहाव्या वेळी ती दोघे सांगतील त्यावर आपला पगार लावाल का? बसलेली ६२ मुले दिसली नसती तर कदाचित लावला असता. नियम विकणारा आपल्याला उभी राहिलेली दोघेच दाखवतो.

आणि प्रवृत्ती खरी असली तरी ती अचानक उलटते. केंट डॅनियल आणि टोबायस मॉस्कोविट्झ यांनी २०१६ मध्ये दाखवले की अमेरिकेत मार्च ते मे २००९ या तीन महिन्यांत आधी सर्वांत पडलेला समभागांचा गट १६३ टक्के चढला आणि आधी सर्वांत चढलेला गट फक्त ८ टक्के. मोठ्या पडझडीनंतर बाजार वळतो तेव्हा मागे पाहून चालणारा सर्वांत मागे राहतो.

म्हणून या नियमाचे योग्य वर्णन आम्ही असे करू : तो एक प्रकारचा विमा आहे. लांबत जाणाऱ्या मंदीत, २००८ सारख्या, तो भरपाई देऊ शकतो. त्याचा हप्ता २०१८-१९ सारख्या वरखाली होणाऱ्या वर्षांत भरावा लागतो. आणि २०२० सारख्या झटक्यात पडून झटक्यात उठणाऱ्या बाजारात हप्ता भरूनही भरपाई मिळेलच असे नाही. विकणारा ‘जादा उत्पन्न’ म्हणून विकतो, ती चूक आहे.

खात्याचे नियम काय म्हणतात?

हा नियम मुळात जिथे लोकप्रिय झाला त्या अमेरिकेतील संघराज्य कर्मचाऱ्यांच्या बचत योजनेतही त्याला लगाम आहे. १९८६ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत सरकारी रोखे, इतर रोखे आणि समभागांचे निरनिराळे फंड आहेत. थोड्या सदस्यांच्या सततच्या अदलाबदलीचा खर्च सर्वांवर पडू लागला, तेव्हा २००८ पासून महिन्यात दोनच बदल मोकळे ठेवले गेले. त्यानंतर त्या महिन्यात फक्त सरकारी रोख्यांच्या फंडाकडे जाता येते.

आपल्याकडे बंधन याहून घट्ट आहे. स्वतः निवड करणाऱ्या एनपीएस सदस्याला समभाग, कर्जरोखे आणि सरकारी रोखे यांतील वाटणी आर्थिक वर्षात चार वेळा बदलता येते. तीन महिन्यांच्या नियमाला २०१८-१९ या आर्थिक वर्षात पाच बदल लागले असते. म्हणजे पाचव्या वेळी नियम म्हणाला असता ‘हला’ आणि खाते म्हणाले असते ‘बसा’. शिवाय अर्ज केल्याच्या क्षणी बदल होत नाही, मध्ये कामकाजाचे काही दिवस जातात. मार्च २०२० मध्ये २३ तारखेच्या एका दिवसात सेन्सेक्स १३ टक्क्यांहून अधिक पडला होता. अशा वेळी काही दिवस म्हणजे बराच मोठा काळ आहे.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या ठरावीक योजनेत तर समभागांचा हिस्सा दीर्घकाळ १५ टक्क्यांपर्यंतच मर्यादित होता. मार्च २०२० मध्ये समभाग २३ टक्के पडले तेव्हा अशा खात्याला त्यामुळे बसलेला फटका २३ चे १५ टक्के, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. ज्याच्या खात्यात मुळात एवढेच समभाग आहेत त्याने दर महिन्याला त्यांची दिशा पाहत बसण्यात फारसा अर्थ नाही.

हाच नियम म्युच्युअल फंडांवर चालवला तर अदलाबदलीवर बंधन नाही, पण कर आहे. २३ जुलै २०२४ पासून समभाग फंड वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर लागतो. एनपीएसच्या आत बदल केल्यास हा कर लागत नाही. नियमाचे कागदावरचे उत्पन्न सांगताना हा फरक बहुधा वगळला जातो.

आणखी एक मुद्दा तरुण शिक्षकांसाठी. ज्याची वर्गणी अजून वीस वर्षे दरमहा जमा होणार आहे, त्याला पडलेला बाजार हा संकटापेक्षा सवलतीच्या जवळ आहे. डिसेंबर २०१९ अखेरच्या ४१,२५४ च्या तुलनेत मार्च २०२० अखेरच्या २९,४६८ या पातळीला त्याच रुपयांत ४० टक्के अधिक युनिटे मिळत होती. सहा महिन्यांचा नियम नेमका त्याच वेळी त्याची वर्गणी रोख्यांकडे वळवतो. उलट, ज्याची निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आली आहे त्याला सहा अंशांवर निर्णय घेणारा नियम परवडत नाही. त्याने समभागांचा हिस्सा वयानुसार आधीच, हळूहळू कमी केलेला बरा. एनपीएसमध्ये वयाप्रमाणे आपोआप समभाग कमी करत नेणारे पर्याय आहेतच.

मग शिक्षकाने करायचे काय? आमच्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही कंटाळवाण्या आहेत. दरमहाची आपली आणि शासनाची किंवा संस्थेची वर्गणी खात्यात खरोखर जमा झाली का, हे विवरणपत्रात पाहणे. समभागांचा हिस्सा किती हवा हे वय आणि घरची जबाबदारी पाहून ठरवणे. आणि वर्षातून एकदा, ठरलेल्या तारखेला, तो हिस्सा मूळ प्रमाणावर आणणे. चार बदलांच्या मर्यादेत हे आरामात बसते.

ज्यांना या नियमाबद्दल तरीही कुतूहल आहे त्यांनी ते खात्यात न भागवता वर्गात भागवावे. नववी-दहावीच्या मुलांना सेन्सेक्सचे, किंवा भिवंडीच्या बाजारातले सुताचे महिनाअखेरचे भाव एका वहीत लिहायला सांगावे. प्रत्येक गटाने आपला नियम आधीच कागदावर लिहून पाकिटात बंद करावा : किती महिने मागे पाहायचे, किती फरक पडला तर हलायचे, खर्च किती धरायचा. वर्षभर आकडे भरावेत आणि मग पाकिटे उघडून सर्व गटांचे निकाल फळ्यावर मांडावेत, हरलेल्यांचेही. एखादा गट ‘आम्ही चारऐवजी पाच महिने धरले असते तर’ असे म्हणू लागला की त्याला ६४ मुलांच्या नाण्याची आठवण द्यावी आणि नवे पाकीट द्यावे.